पॉवर स्टिअरिंगचं तेल गळतंय : १९९४ ची मोटरहोम, पी-३० चासी

नाशिककर_आल्बुकर्की

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९९४ ची क्लास ए मोटरहोम, म्हणजे बसएवढं फिरतं घर, आहे. शेवरोलेची पी-३० चासी (खालचा सांगाडा), ७.४ लिटरचं म्हणजे ४५४ चं पेट्रोल इंजिन, ४एल८०-ई गिअरबॉक्स. घेतली तेव्हाच गाडीचं वय झालेलं होतं, पण आतलं लाकूडकाम शाबूत आणि छत कोरडं होतं, म्हणून घेतली. प्लग, बेल्ट, रेडिएटरचे होज, ब्रेक पॅड ही कामं मी स्वतः करते. नवरा गाडी चालवतो आणि मी तिच्याखाली शिरते, अशी आमच्यात वाटणी आहे.

महिनाभरापासून पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल कमी होतंय. सुरुवातीला थोडं वर टाकलं की भागत होतं. गेल्या आठवड्यात सांता फेहून परत येताना ला बहादाचा उतार उतरून घरी आलो आणि टोपण काढून पाहिलं, तर काडीच्या टोकाला जेमतेम ओल.

गाडी जागेवर वळवताना स्टिअरिंग टोकाला गेलं की पंप कण्हतो, सकाळच्या थंडीत जास्तच. खाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. त्यावर डाग दोन ठिकाणी पडले: एक पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला, दुसरा बराच मागे, साधारण चासीच्या मध्यावर. पुढचा पिवळसर आहे. मागचा मला लालसर वाटतो, पण पुठ्ठ्यावर रंगाची खात्री देता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मी आज लिहायला बसले. नवरा म्हणतो, गाडी लावताना स्टिअरिंग वळवता वळवता ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं कडक लागतं. रस्त्यावर मात्र ब्रेक व्यवस्थित. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का?

गावातल्या गॅरेजांना विचारून झालं. एकाने गाडीची लांबी ऐकूनच नकार दिला. दुसऱ्याने गाडी न बघता फोनवरच पंप, स्टिअरिंग बॉक्स आणि सगळे होज बदलायला सांगितले. इतका खर्च करायची तयारी आहे, पण गळतंय कुठून हे कळल्याशिवाय नाही.

जुलैत आई-बाबा नाशिकहून येताहेत. त्यांना घेऊन पगोसा स्प्रिंग्ज, तिथून वुल्फ क्रीक पास ओलांडून ग्रेट सँड ड्यून्स बघायला जायचंय. हा घाट साडेदहा हजार फुटांच्याही वर आहे आणि दोन्ही बाजूंना जवळपास सात टक्क्यांचा उतार आहे. आईने आयुष्यभर घर आणि दवाखाना एवढंच पाहिलं. वाळूचे ते डोंगर तिला दाखवायचेच आहेत, आणि गाडी सुरक्षित आहे याची मला स्वतःला खात्री असल्याशिवाय मी तिला या गाडीत बसवणार नाही.

तर गळतीचा उगम कसा शोधायचा, कुठून हात घालायचा आणि तोवर गाडी चालवावी का, हे सांगा.

एडिसनचा_राजा

माझ्याकडे जुनी व्हॅन होती, तिलाही हाच त्रास. ऑटो पार्टच्या दुकानात गळती थांबवणारं औषध मिळतं, ते टाकीत ओतलं आणि पुढे गाडी विकेपर्यंत थेंब पडला नाही. आधी ते करून बघा. पंप काढणं फार कटकटीचं आहे, पुली निघत नाही.

सातारी_पाना

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालवू नका. दारातल्या दारात हलवायची असली तरी टाकी भरून, मगच.

मी ओहायोत एका फ्लीट गॅरेजमध्ये काम करतो. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या आणि दुकानांना पाव टाकणाऱ्या चौकोनी स्टेप-व्हॅन तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या कितीतरी गाड्या याच पी-३० वर उभ्या आहेत. तुमच्या पलंग-शेगडीच्या खाली जे काही आहे ते माझ्या रोजच्या हातातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ब्रेकच्या मास्टर सिलिंडरच्या मागे टॉर्च मारून नीट बघा. साध्या गाडीत तिथे व्हॅक्युमचा मोठा गोल डबा असतो. तुमच्याकडे तो नसणार. त्याऐवजी एक जाड ओतीव ठोकळा, त्याला तीन नळ्या आणि बाजूला एक आखूड नळकांडं दिसेल. हा हायड्रोबूस्ट. बेंडिक्स कंपनीची रचना आहे, जीएमच्या, म्हणजे शेवरोलेच्या मूळ कंपनीच्या, गाड्यांत १९७३ पासून आली. ब्रेकला जोर देण्याचं काम तो करतो आणि त्यासाठी लागणारा दाब घेतो स्टिअरिंगच्याच पंपाकडून. पंपातून तेल आधी हायड्रोबूस्टमध्ये जातं, तिथून स्टिअरिंग बॉक्सला, आणि दोघांचं परतीचं तेल टाकीत येतं.

म्हणून यजमानांना जे जाणवलं ते अगदी बरोबर आहे. टाकीत तेल कमी असलं की पंप हवा ओढतो. जागेवर चाकं वळवताना स्टिअरिंगला सर्वांत जास्त दाब लागतो आणि त्याच वेळी ब्रेकही दाब मागतो. दोघांना पुरेल एवढा तो उरत नाही. पेडल कडक लागलं ते त्यामुळे.

चालत्या गाडीत होज फुटला तर त्या नळकांड्यात, म्हणजे अक्युम्युलेटरमध्ये, साठलेल्या दाबावर दोन-तीन वेळा ब्रेक नेहमीसारखा लागतो. त्यानंतरही लागतो, पण पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं. सहा-साडेसहा टनांची गाडी, सात टक्क्यांचा उतार आणि स्टिअरिंगही जड झालेलं. या चासीवर स्टिअरिंगची गळती ही ब्रेकचीच गळती समजायची. माझ्या हाताखाली येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

दुसरी भीती आगीची. हे तेल जळतं. घाट चढताना ४५४ चा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इतका तापतो की दाबाच्या होजमधून बारीक फवारा त्यावर गेला तर पेट घेऊ शकतो, आणि तुमचं इंजिन दोन सीटच्या मधोमध, झाकणाखाली आहे. तेलाच्या आगीवर चालणारं अग्निशामक नळकांडं ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा.

राजाभाऊंचं औषध रबर फुगवतं. सुकलेलं सील जरासं पाझरत असेल तर काही काळ आवरतं, त्यांच्या व्हॅनला तेच झालं असणार. पण चिरलेला होज, तुटलेली ओ-रिंग (सांध्यातलं रबराचं कडं) किंवा सैल फिटिंग त्याने बरी होत नाही. शिवाय इथे तेच तेल ब्रेकच्या व्हॉल्व्हमधून फिरतं. फुगलेलं सील तिथे मला नको. मी हे औषध हायड्रोबूस्टच्या गाडीत टाकत नाही आणि तुम्हालाही टाकू देणार नाही.

आता उगम शोधणं. आधी दोन डाग वेगळे करा. पांढरा टिश्यू दोन्हींवर टेकवून उन्हात बघा. स्टिअरिंगचं जीएमचं तेल पिवळसर, जुनं झालं की तपकिरी. लाल असेल तर ते एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि मग शोध वेगळीकडे. गिअरबॉक्सचा पॅन आणि त्याच्या कूलरच्या नळ्या बघायच्याच, पण तुमच्या वर्षाच्या जड मोटरहोमवर ऑटो-पार्क ब्रेक असण्याची दाट शक्यता आहे. डॅशबोर्डवर पिवळी ओढायची मूठ आहे का, किंवा गिअर पार्कमध्ये टाकल्यावर पार्किंग ब्रेक आपोआप लागतो का, बघा. जे-७१ म्हणतात त्या प्रकारात त्याला स्वतःचा इलेक्ट्रिक पंप आणि छोटी टाकी असते, त्यात डेक्सरॉन, म्हणजे लाल तेल. स्प्रिंग ब्रेक लावते आणि तेलाचा दाब तो सोडवून धरतो. तेल संपलं तर ब्रेक आपणहून लागणार, गाडी चालत असली तरी. मागचा डाग खरोखर लाल निघाला तर ते काम वेगळं आणि तितकंच महत्त्वाचं.

पुढच्या डागासाठी आधी धुणं. तीस वर्षांची मळी असताना गळती शोधता येत नाही. पंप, हायड्रोबूस्ट, सगळे होज, स्टिअरिंग बॉक्स आणि त्यांच्या मागची चासी डिग्रीझर मारून धुवा. अल्टरनेटर पिशवीत बांधून घ्या. पूर्ण वाळलं की सांधे आणि होजच्या टोकांवर टाल्कम पावडर उडवा. टाकी भरा, इंजिन चालू करा आणि यजमानांना स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा, मध्ये मध्ये ब्रेकही दाबू द्या. टोकाला धरून ठेवू देऊ नका. तुम्ही आतून इंजिनाचं झाकण काढून वरून बघा. केस बांधा, ओढणी-स्कार्फ नको, बेल्टजवळ हात नको. पावडर जिथे सगळ्यात आधी ओली होईल तो उगम. यात नाही सापडलं तर तेलात टाकायचा चमकणारा रंग आणि निळसर प्रकाशाचा टॉर्च आणा, थोडं चालवून रात्री अंधारात बघा.

एक धरून चला: तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं. सगळ्यात ओली जागा उगमाची नसते. ओल्या पट्ट्याचं सगळ्यात वरचं आणि सगळ्यात पुढचं टोक शोधायचं.

माझ्या अनुभवात पहिला संशय दाबाच्या होजवर, जिथे रबर धातूच्या टोपीत दाबून बसवलेलं असतं तिथे. मग पंपाची पाठ: टाकीचा पत्रा पंपाला जिथे बसतो तिथे एक मोठी ओ-रिंग आहे आणि दाबाच्या फिटिंगखाली दुसरी. मग पुलीमागचं शाफ्टचं सील. पुलीच्या मागे गोलाकार शिंतोडे उडालेले दिसले तर तेच. परतीचे होज क्लॅम्पपाशी कडक होऊन चिरतात. स्टिअरिंग बॉक्सला वर, स्टिअरिंगकडून येणाऱ्या इनपुट शाफ्टचं आणि खाली, चाकं वळवणाऱ्या सेक्टर शाफ्टचं सील असतं. हायड्रोबूस्ट आणि मास्टर सिलिंडर यांच्या फटीत ओल दिसली तर ती बोटावर घासून बघा. स्टिअरिंगचं तेल असेल तर हायड्रोबूस्टचं सील गेलं. ब्रेक ऑइल असेल तर मास्टर सिलिंडर. या दोन तेलांची गाठ कुठेही पडू द्यायची नाही, एकाची सीलं दुसऱ्यात खराब होतात.

खाली शिरण्याआधीचं मात्र कृपा करून वाचा. गाडी लेव्हल करायचे जॅक हे गाडी पेलायला नसतात. चासीच्या आडव्या बीमखाली, वजनाला साजेसे स्टँड, सिमेंटच्या जमिनीवर. मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके. तुमचा पार्किंग ब्रेक चाकांवर नाही, गिअरबॉक्सच्या मागे प्रॉपेलर शाफ्टवर आहे. मागचं एक चाक जरी जमिनीवरून सुटलं तरी तो गाडी धरत नाही.

फोटो टाका, पुढचं बघू.

नाशिककर_आल्बुकर्की

सातारी दादा, मनापासून आभार. तुमचं उत्तर प्रिंट काढून इंजिनाच्या झाकणाला चिकटवलं आहे.

पहिलं म्हणजे मागचा डाग लालच आहे. टिश्यूवर स्वच्छ दिसलं. पिवळी मूठ आहे आणि ऑटो-पार्कही आहे, मी इतके दिवस त्याला गिअरच्या खटक्याचा भाग समजत होते. लहान टाकी डाव्या बाजूला चासीच्या रुळावर सापडली, तेल खालच्या खुणेच्या किंचित वर. पण ओल अॅक्च्युएटरला (पार्किंग ब्रेक लावणाऱ्या-सोडणाऱ्या भागाला) नाही, गिअरबॉक्सच्या पॅनच्या एका कोपऱ्याला आहे. पॅनचे बोल्ट हाताने फिरतील इतके सैल होते. गॅस्केट मागवलं आहे, फिल्टरही त्याच वेळी बदलीन.

पुढचा डाग. धुवायला पूर्ण शनिवार गेला. तुम्ही धुण्यावर एवढा भर का दिला ते काम करताना कळलं, कारण मळीखालून चासीचा मूळ काळा रंग निघाला आणि त्यावर नंतर एकच ओघळ उठून दिसला. पावडर दोन ठिकाणी ओली झाली. पंपाकडून हायड्रोबूस्टला जाणाऱ्या होजच्या टोपीपाशी तेलाचे मणी उठतात, आणि ब्रेक दाबला की जास्त उठतात. दुसरी जागा पंपाची पाठ, टाकीच्या पत्र्याची कड. पुलीमागे कोरडं आहे. हायड्रोबूस्टची फट कोरडी आहे, बोट फिरवून पाहिलं. स्टिअरिंग बॉक्सच्या खाली सेक्टर शाफ्टपाशी ओलसर आहे, पण अर्ध्या तासात थेंब तयार झाला नाही.

आता होज. पार्टच्या दुकानात माझ्या चासीचा म्हणून जो दिला त्याचा वाक वेगळा आहे, बसवला तर मॅनिफोल्डला टेकेल. दुकानदार म्हणाला, मधला रबराचा तुकडा कापून क्लॅम्प लावून जोडा. मला ते पटत नाही. काय करू?

भोसरी_होज

ताई, दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. मी भोसरीत हायड्रॉलिक होज बनवतो, प्रेस, जेसीबी, इंजेक्शन मोल्डिंगची मशिनं हे आमचं रोजचं गिऱ्हाईक. मोटरहोम मी पाहिलेली नाही पण दाब सगळीकडे दाबच असतो. स्टिअरिंगच्या पंपाचा रिलीफ, म्हणजे जास्तीचा दाब सोडायची मर्यादा, दर चौरस इंचाला हजार पौंडांच्या पुढे असतो. तिथे क्लॅम्प टिकत नाही. आज लावलेला क्लॅम्प बरोबर स्टिअरिंग टोकाला गेल्यावर सुटणार.

तुमच्याकडेही हायड्रॉलिक होज क्रिंप करून, म्हणजे टोपी दाबून बसवून, देणारी दुकानं असतातच, ट्रॅक्टर आणि खोदाईच्या मशिनांसाठी. जुना होज दोन्ही टोकांसकट घेऊन जा. धातूच्या वाकवलेल्या नळ्या आणि नट चांगले असतील तर ते ठेवून मधलं रबर आणि टोप्या नव्या टाकून देतात. म्हणजे मूळचा वाक जसाच्या तसा राहतो. काढण्याआधी गाडीत बसलेल्या स्थितीत होजवर खडूने सरळ रेघ मारा, दोन्ही टोकांपर्यंत. क्रिंप करताना टोकं एकमेकांशी किती फिरलेली आहेत हे त्या रेघेवरून कळतं. ती नसेल तर होज पिळून बसतो आणि लवकर जातो.

दुकानात हा पॉवर स्टिअरिंगचा होज आहे हे स्पष्ट सांगा. दाबाच्या बाजूला एसएई जे१८८ आणि परतीला जे१८९ असा होज मागा. परतीला हीटरचा होज कुणी देऊ केला तर घेऊ नका. तो ईपीडीएम रबराचा असतो, पाण्याला उत्तम, पण खनिज तेलात फुगून मऊ पडतो. आमच्याकडे अशी फुगलेली नळी घेऊन महिन्याला कुणीतरी येतंच.

क्रिंप केल्यावर त्यांच्याकडे टेस्ट बेंच असेल तर दाब देऊन दाखवायला सांगा. चांगला माणूस आनंदाने दाखवेल.

सातारी_पाना

भोसरीकरांनी माझं निम्मं काम केलं. होज तसाच करून घ्या. आणि फिटिंगला टेफ्लॉनची टेप लावू नका, इथे आटे तेल अडवत नाहीत. तुमच्या वर्षाच्या पंपाला मेट्रिक ओ-रिंगची फिटिंग असते, अडवते ती ओ-रिंग. ओ-रिंगला ताजं तेल लावून हाताने आटे धरवा, मगच पाना.

पंप काढताय तर पंपाच्या शाफ्टचं सील आणि सगळ्या ओ-रिंग एकत्र बदला, किट फार महाग नसतं. शाफ्टचं सील आज कोरडं आहे म्हणून ते सोडू नका, त्यासाठी पुन्हा एवढं सगळं उतरवणं नको.

उघडण्याआधी इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा, अक्युम्युलेटरमधला दाब निघून जाऊ द्या. तो न काढता नळी सैल केली तर तेल थेट तोंडावर येतं. चष्मा घाला.

पुली दाबून बसवलेली असते. तिला हातोडी लावायची नाही, कडेला पक्कड घालून ओढायची नाही. तिचा पुलर आणि बसवायचं हत्यार एकाच पेटीत येतं. ऑटो पार्टची मोठी दुकानं अनामत रक्कम घेऊन नेऊ देतात. काढण्याआधी पुली शाफ्टवर किती आत आहे ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढीच आत गेली पाहिजे, नाहीतर बेल्ट तिरका धावतो.

दाबाचं फिटिंग काढाल तेव्हा त्याच्यामागे फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग आहे. ती घरंगळून खाली पडते. खाली स्वच्छ ताट ठेवा आणि व्हॉल्व्हची कुठली बाजू आत होती त्याचा फोटो काढा. तो उलटा बसला तर स्टिअरिंग चालणार नाही. व्हॉल्व्ह बोटाने ढकलला तर सरकन जायला हवा, अडकत असेल तर लिहा.

आणि नळीचा नट फिरवताना फिटिंग दुसऱ्या पान्याने धरा. नळीला फ्लेअर-नटचा पाना वापरा, साध्या पान्याने कोपरे गोल होतात.

बसवल्यावर हवा काढणं घाईत करू नका. पुढची चाकं जमिनीवरून उचललेली, इंजिन बंद, टाकी भरलेली. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश, वीसेक वेळा. बुडबुडे येतील, पातळी उतरेल, भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन क्षणभर चालू करून बंद, पुन्हा पातळी. मग चालू ठेवून सावकाश वळवा आणि ब्रेक दाबा-सोडा. तेलाला फेस आला तर थांबा, तासभर गाडीला हात लावू नका, फेस आपला बसतो. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही. तेल जीएमच्या स्पेसिफिकेशनचं पॉवर स्टिअरिंग फ्लुइडच, एटीएफ नको. तुमच्या गाडीत दोन्ही तेलं शेजारी शेजारी आहेत, म्हणून टोपणांवर रंगाने लिहून ठेवा.

शेवटी हायड्रोबूस्टची परीक्षा. इंजिन बंद, पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग पेडलवर हलका पाय ठेवून इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली जाऊन पायाला परत वर ढकललं पाहिजे. नंतर इंजिन बंद करून तासाभराने बघा, पहिले दोन दाब सोपे लागले तर अक्युम्युलेटर धरतोय.

नाशिककर_आल्बुकर्की

झालं. सगळं नीट लिहिते, कारण पुढे कुणीतरी याच चासीवर हेच शोधत इथे येईल.

होज गावाबाहेरच्या शेतीच्या यंत्रांच्या दुकानात करून घेतला. खडूची रेघ पाहून तिथला म्हातारा खूश झाला आणि म्हणाला, अशी रेघ मारून कुणी आणत नाही. भोसरीकर, हे कौतुक तुमचं आहे. जुना होज त्याने माझ्यासमोर उभा चिरला. टोपीच्या आत रबर कडक झालं होतं, तारेची जाळी गंजून तपकिरी. बाहेरून यातलं काहीच दिसत नव्हतं.

पंपाच्या पाठीची मोठी ओ-रिंग निघताना तीन तुकड्यांत निघाली, प्लॅस्टिकसारखी टणक. पंप आतून चांगला आहे, शाफ्टला ओरखडा नाही, व्हॉल्व्ह बोटाने सरकतो. नवीन पंपाची गरजच नव्हती. परतीचे दोन्ही होज आणि क्लॅम्प बदलले. स्टिअरिंग बॉक्सचे चासीवरचे बोल्ट तपासले, घट्ट आहेत.

हवा काढताना पहिल्या वेळी फेस आलाच. तुम्ही सांगितलं होतं म्हणून गडबडले नाही, तासभर थांबून पुन्हा केलं. आता स्टिअरिंग टोकाला गेलं तरी पंप कण्हत नाही. ब्रेकच्या परीक्षेत पेडल खाली जाऊन वर आलं. तासाभराने दोन दाब सोपे, तिसरा जड. नवऱ्याने रिकाम्या मैदानात स्टिअरिंग वळवत ब्रेक दाबून पाहिला, पेडल मऊ. नंतर तिहेरासच्या घाटात चढ-उतार करून आलो. खाली कोरा पांढरा पुठ्ठा, सकाळी पिवळा थेंब नाही. गिअरबॉक्सचा पॅनही कोरडा.

बाबांना व्हिडिओ कॉलवर जुना होज दाखवला. ते बराच वेळ टोपीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी फक्त टॉर्क किती दिला ते विचारलं. मी मॅन्युअलमधून आकडा वाचून दाखवला.

एक राहिलंय. सेक्टर शाफ्टपाशी अजून ओलसर आहे. एवढी लांब फेरी करून आल्यावरही थेंब नाही, पण बोटाला तेल लागतं. जुलैआधी तेही करू का?

सातारी_पाना

छान काम केलंत ताई. अक्युम्युलेटरचा तिसरा दाब जड लागणं बरोबरच आहे.

सेक्टर शाफ्टची ओल आणि गळती यात फरक आहे. थेंब पडत नाही आणि टाकीची पातळी हलत नाही तोवर जुलैची सहल करून या. आता तिथे पुसून कोरडं करा, निघायच्या आदल्या दिवशी बघा, मग पगोसाला पोचल्यावर आणि घाट ओलांडून खाली उतरल्यावर इंजिन बंद करून पातळी बघा. या तिन्ही वेळा ती तीच राहिली पाहिजे. अर्धा बोट जरी उतरली तरी पुढच्या घाटाला गाडी लावू नका. सोबत त्याच तेलाच्या दोन बाटल्या ठेवा. आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये आधीच टाकून ठेवायची, वेग वाढल्यावर नाही. ब्रेक कितीही चांगले असले तरी एवढं वजन इंजिनानेच धरायचं असतं.

परत आल्यावर सील बदला. त्यासाठी पिटमन आर्म (सेक्टर शाफ्टवर बसवलेला, चाकं वळवणारा दांडा) काढावा लागतो, त्याचा नट फार जबर घट्ट असतो आणि आर्म साध्या पुलरने सुटत नाही. हातोडीने शाफ्टवर मारलं तर बॉक्सच्या आतलं बेअरिंग जातं, म्हणून तो जड पुलर आधी हाताशी हवा. कामाला घ्याल तेव्हा बॉक्सवरच्या आकड्यांचा फोटो इथे टाका, सीलचं किट कुठलं लागेल ते त्यावरून सांगतो.